कुत्र्याची छत्री की भाजी? फोटोवरून उत्तर का देता येत नाही

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘काय म्हणत होतो’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच.)

कानात इअरफोन असेल, एसटीत खिडकीची जागा मिळाली असेल, तर उत्तम. आजचा विषय पावसाळ्यातला आहे.

पहिला दमदार पाऊस होऊन आठ-दहा दिवस गेले की गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. चिमटीत धरलेली पांढरी छत्री आणि खाली एक ओळ : ‘हे खाता येतं का?’ पाच मिनिटांत तीन उत्तरं. मामा म्हणतो, बिनधास्त खा. काकू म्हणते, विषारी असतंय ते, फेकून द्या. आणि पुण्यात आयटीत असलेलं कुणीतरी ॲपचा स्क्रीनशॉट टाकतं. त्यावर एक लॅटिन नाव आणि शेजारी टक्केवारी. मग सगळे गप्प. टक्केवारीशी कोण भांडणार?

मी त्या तिसऱ्या उत्तराबद्दल बोलणार आहे. मी सॉफ्टवेअरवाला, बी.टेक., गाव हट्टा, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली. आमच्याकडं काळी माती, सोयाबीन, हळद. अळंबीवर पीएचडी केलेली नाही. पण ही टक्केवारी येते कुठून, हे मला सांगता येईल. आणि जाणकार मंडळी अळंबी कशी ओळखतात, ते त्याच्या शेजारी ठेवून बघू.

आधीच एक गोष्ट. हा भाग ऐकून कुणीही रानातली अळंबी तोडून खायची नाही. का नाही, तेच पुढं सांगतोय.

आधी हे आहे काय?

अळंबी, भूछत्र, कुत्र्याची छत्री. कोकणात अळंबी, गोव्यात ओळमी, पूर्व विदर्भात सात्या. नावं बरीच, आणि ती एकाच जातीची नाहीत. ‘कुत्र्याची छत्री’ हे तर नाव कमी आणि ‘याच्या नादी लागू नको’ ही सूचना जास्त.

अळंबी ही वनस्पती नाही. ती बुरशी आहे, आणि वर दिसणारी छत्री हे तिचं फळ. आंब्याचं झाड जमिनीखाली गाडलेलं आहे आणि वर्षातून चार दिवस फक्त आंबे मातीबाहेर येतात, अशी कल्पना करा. खरं शरीर म्हणजे मातीत, लाकडात, शेणात पसरलेलं धाग्यांचं जाळं. पाऊस, ऊब आणि ओल जमून आली की ते जाळं छत्री वर पाठवतं. छत्रीचं काम एकच, बीजाणू उडवायचे. काम झालं की दोन-चार दिवसांत ती सडून जाते.

म्हणून छत्री ओळखायची तर ती कशावर वाढलीय, हे बघावं लागतं. गावाकडं एखाद्या जाणत्या बाईला फोटो दाखवा. ती रंगाबद्दल नंतर बोलते. आधी विचारते, ‘कुठं उगवली होती?’

कॉलेजातला तो डेटासेट

आता माझ्या प्रांतात या. ज्यांनी मशीन लर्निंगचा एखादा कोर्स केलाय, त्यांना ‘मशरूम डेटासेट’ माहीत असेल. १९८७ साली तो सगळ्यांसाठी खुला झाला. ८१२४ ओळी, २२ गुणधर्म, आणि प्रत्येक ओळीसमोर एक शिक्का : खाण्याजोगी किंवा विषारी. खाण्याजोग्या ४२०८, विषारी ३९१६. साधं डिसिजन ट्री लावलं तरी अचूकता जवळपास १०० टक्के येते. म्हणून नवशिक्यांना तो फार आवडतो. स्क्रीनवर १०० टक्के बघायला कुणाला नको असतं?

पण त्याच्या पोटात काय आहे बघा.

पहिली गोष्ट, या ८१२४ खऱ्या अळंब्या नाहीत. अमेरिकेतल्या ऑड्युबन सोसायटीच्या १९८१ च्या एका ओळख-पुस्तकात २३ जातींची वर्णनं होती, त्यांवरून या ओळी तयार केल्या. तेवीसच जाती, त्याही दोनच गटांतल्या, आणि सगळ्या उत्तर अमेरिकेतल्या. ज्या जातीची खात्री नव्हती, तिलाही विषारीचाच शिक्का मारला. हा मात्र शहाणपणा.

दुसरी गोष्ट. यातला सगळ्यात ताकदवान गुणधर्म कोणता? वास! बदाम किंवा बडीशेपेसारखा वास असेल किंवा वासच नसेल तर खाण्याजोगी, बाकी सगळ्या विषारी. एवढ्या एका नियमावर अचूकता ९८.५२ टक्के. परीक्षेत एवढे मार्क पडले तर घरी पेढे वाटतील.

आता तोच आकडा ताटात वाढून बघा. या नियमातून १२० विषारी ओळी ‘खाण्याजोगी’ म्हणून निसटतात. नियमानं ‘खा’ म्हटलेल्या एकूण ओळी ४३२८, त्यातल्या १२० विषारी. भागाकार करा. दर ३६ ताटांमागं एक ताट विषारी. लग्नाच्या पंगतीत छत्तीस माणसं बसलीत आणि एकाच्या पत्रावळीत विष आहे, तर त्या पंगतीला तुम्ही बसाल?

यालाच आमच्या भाषेत चुकीची किंमत म्हणतात. खाण्याजोगीला विषारी म्हटलं तर एका वेळची भाजी बुडाली. विषारीला खाण्याजोगी म्हटलं तर माणूस गेला. या दोन चुका एकाच तराजूत घालून ‘अचूकता ९८ टक्के’ सांगणं, तिथंच घोळ आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. २२ गुणधर्मांपैकी एकाचीच माहिती अर्धवट आहे. ८१२४ पैकी २४८० ओळींत त्या जागी प्रश्नचिन्ह आहे. तो गुणधर्म म्हणजे दांड्याचा बुडखा, जमिनीतला भाग. आता तुमच्या ग्रुपवरचे फोटो आठवा. छत्री वरून खुडलेली, दांडा अर्धा, बुडखा मातीतच. आणि जगातल्या सगळ्यात जहाल अळंब्यांची मुख्य खूण नेमकी त्या बुडख्यात असते.

पाच जागी बघायचं

अळंबी बघणारा माणूस ती खुडत नाही. चाकूनं किंवा काडीनं बाजूची माती मोकळी करून बुडख्यासकट अलगद उचलतो. हात लावल्यानं विष चढत नाही, ते पोटात जावं लागतं. नंतर हात धुवा, झालं. मग पाच जागी नजर टाकायची.

एक, टोपी. आकार, रंग, मधोमध उंचवटा आहे का, वर खवले आहेत का, ते पुसले जातात की चिकटलेले आहेत. सगळ्यात पटकन दिसणारी आणि सगळ्यात फसवी जागा हीच. कालची बंद कळी आज सपाट ताटली होते, आणि सर पडून गेली की वरचे खवले धुऊन जातात.

दोन, टोपीखालची बाजू. बहुतेक छत्र्यांना खाली वहीच्या पानांसारख्या पातळ पट्ट्या असतात, त्यांना गिल्स म्हणतात. त्या दांड्याला चिकटल्यात की दांड्यापाशी येऊन थांबल्यात? कोवळी असताना रंग कोणता, पिकल्यावर कोणता? काहींना पट्ट्यांऐवजी बारीक भोकं असतात.

तीन, दांडा. त्यावर बांगडीसारखं कडं आहे का? ते घट्ट आहे की वरखाली सरकतं? दांडा आतून भरीव की पोकळ? कापल्यावर रंग बदलतो का?

चार, बुडखा. इथं वाटीसारखं किंवा फाटक्या मोज्यासारखं आवरण आहे का? अळंबी लहानपणी अंड्यासारख्या पिशवीत असते. ती फाडून वर आली की पिशवीचा खालचा भाग वाटीसारखा राहतो. अमॅनिटा या कुळात ही वाटी, वर कडं आणि पांढऱ्या पट्ट्या अशी तिन्ही लक्षणं एकत्र दिसू शकतात. ‘डेथ कॅप’ म्हणून कुप्रसिद्ध असलेली अमॅनिटा फॅलॉइडिस याच कुळातली.

पाच, बीजाणूंचा ठसा. ही तपासणी फुकट आहे, घरी होते, आणि फोटोत कधीच दिसत नाही. टोपी दांड्यापासून कापायची. अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद घ्यायचा. त्यावर टोपी पट्ट्या खाली करून ठेवायची, वर वाटी पालथी घालायची, रात्रभर हलवायचं नाही. सकाळी कागदावर बीजाणूंची रांगोळी उमटलेली असते. पांढरी, गुलाबी, तपकिरी, काळी किंवा हिरवी. दुकानातल्या बटण मशरूमचा ठसा गडद चॉकलेटी. धिंगरीचा साधारण पांढरा. डेथ कॅपचाही पांढराच! म्हणजे ठसा एकटा निकाल देत नाही. तो फक्त यादीतली काही नावं खोडतो.

पाचही जागा मिळून जे बनतं ते वर्णन. त्यातली एखादी जागा रिकामी असेल, तर तिथं डेटासेटसारखं प्रश्नचिन्हच समजायचं. आणि प्रश्नचिन्ह असलेली वस्तू ताटात घ्यायची नसते.

कुठं उगवलीय?

आता त्या जाणत्या बाईच्या प्रश्नाकडं येऊ. आपल्या मराठवाड्यातल्या शिवारात फिरा, ठिकाणागणिक अळंबी बदलते.

उकिरड्यावर आणि शेणाच्या ढिगावर नाजूक, उंच, घंटेसारख्या छत्र्या येतात. त्यातल्या बऱ्याच शाईच्या छत्र्या. सकाळी उभ्या, आणि दुपारपर्यंत टोपीचं काळं पाणी होऊन ठिबकायला लागतं. यांच्यातली एक जात अशी आहे की तिच्यासोबत किंवा त्यानंतर दारू पोटात गेली तर चेहरा लालबुंद होतो, छातीत धडधड सुरू होते.

भाताच्या सडक्या पेंढ्यावर, काडाच्या ढिगावर येते ती पेंढ्यावरची अळंबी, व्हॉल्वेरिएला. हिला बुडख्याशी वाटी असते, तरी ती खाल्ली जाते, तिची शेतीही होते. हिची गोष्ट पुढं येतेय, लक्षात ठेवा.

लिंब-बाभळीच्या सुकल्या खोडावर फळीसारखी, लाकडासारखी कडक वाढ दिसते. ती लाकूड कुजवणारी बुरशी. तिला ना दांडा असतो ना छत्री, भाजीचा प्रश्नच नाही.

गवतात, गायरानात, शाळेच्या मैदानावर पावसानंतर मोठमोठ्या पांढऱ्या छत्र्या येतात, कधी अगदी गोलात. यातली एक फार महत्त्वाची आहे, तिच्याकडं लगेच येतो.

आणि वारूळ.

वारुळातली शेती

वारुळातून येणारी अळंबी म्हणजे टर्मिटोमायसिस. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजे हाइम यांनी १९४२ साली या कुळाला हे नाव दिलं. गोव्यातली प्रसिद्ध रोन ओळमी याच कुळातली. ‘रोन’ म्हणजे वारूळ. गोवा विद्यापीठातले डॉ. नंदकुमार कामत यांनी या अळंब्यांवर बरंच काम केलंय.

हिची कथा भारी आहे. काही जातींच्या वाळव्या शेती करतात. सुकलेला पालापाचोळा, लाकूड चावून आत नेतात आणि त्यातून जमिनीखाली पोळ्यासारखे मऊ गड्डे रचतात. त्यावर ही बुरशी वाढवतात. वाळवीला न पचणारं लाकूड बुरशी पचवून देते आणि वाळवी ती बुरशी खाते. दोघींना एकमेकींशिवाय जगता येत नाही. पावसाळ्यात याच बागेतून छत्री वर येते.

आता यातून ओळखीच्या खुणा कशा निघतात बघा, पाठ करायचीही गरज नाही. बाग खोल, म्हणून दांडा खाली मुळासारखा निमुळता होत लांबच लांब जातो. माती फोडून वर यायचंय, म्हणून टोपीच्या मधोमध कडक टोक. बुडखा पार वाळवीच्या बागेपर्यंत पोचलेला, म्हणून तिथं अमॅनिटासारखी वाटी नाही. आणि ठसा गुलाबीसर. हिची शेतीही बटण मशरूमसारखी जमलेली नाही, कारण सोबत वाळवीचं अख्खं राज्य सांभाळावं लागतं. म्हणूनच गोव्यात रोन ओळमी महाग विकली जाते.

एक सावधगिरीची गोष्ट. वारुळाच्या भोकात हात घालू नका. पावसाळ्यात तिथं साप असणं ही अफवा नाही.

जुळी बहीण, हिरव्या ठशाची

आता गवतातली ती पांढरी छत्री. नाव क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. नाव विसरलात तरी चालेल, ‘हिरव्या ठशाची’ एवढं लक्षात ठेवा. मोठी, देखणी, पांढऱ्या टोपीवर तपकिरी खवले, दांड्यावर सरकणारं कडं. उष्ण प्रदेशांत जगभर येते, भारतातही. उत्तर अमेरिकेत विषबाधेला सगळ्यात जास्त वेळा कारणीभूत होणारी अळंबी हीच. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत जोरदार उलट्या-जुलाब. मृत्यू क्वचित होतो, पण लहान मुलाला किंवा म्हाताऱ्या माणसाला शरीरातलं पाणी एवढं कमी होणं झेपत नाही.

गंमत बघा. कोवळी असताना हिच्या पट्ट्या पांढऱ्या असतात. हिरवट झाक पिकल्यावर चढते. कोवळी तोडली, फोटो काढला, तर हिरवं काहीच दिसणार नाही. रात्रभर कागदावर ठेवली तर बहुधा सकाळी हिरवट ठसा उमटतो. उमटलाच नाही, तर मात्र काहीही सिद्ध झालं नाही.

आठवतात त्या निसटलेल्या १२० ओळी? त्यातल्या ७२ एकट्या ‘ठसा हिरवा’ या अटीनं पकडल्या जातात. मघाशी वासाच्या नियमातून सुटलेली ती हीच. वास नाही, रूप चांगलं, आणि पकडायला लागते एक रात्र आणि एक कागद.

आणि ही वारुळाशेजारच्या गवतातही उगवू शकते. म्हणून ‘वारुळाजवळ मिळाली’ याला प्रमाणपत्र समजू नका. वारुळाजवळ उगवणं वेगळं आणि वारुळातून उगवणं वेगळं. तो फरक बुडखा खणल्याशिवाय कळत नाही. ठिकाणामुळं संशयितांची यादी छोटी होते, पण निकाल पाचही जागा बघूनच लागतो.

गाव बदललं की ज्ञान बदलतं

आता पेंढ्यावरच्या अळंबीची गोष्ट. आशियात कोट्यवधी लोक ती खातात. २०११ च्या शेवटच्या रात्री ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरामध्ये एका जेवणात स्थानिक अळंबी वापरली गेली. ती डेथ कॅप निघाली. दोघांचा मृत्यू झाला. आशियातून तिकडं गेलेल्या माणसांना धोका नेमका इथं असतो. पेंढ्यावरची कोवळी अळंबी आणि कोवळी डेथ कॅप, दोन्ही अंड्यासारख्या पिशवीत, दोन्हींना वाटी. फरक ठशात : एकीचा गुलाबी, दुसरीचा पांढरा. आणि ठिकाणात : एक पेंढ्यावर, दुसरी ओकच्या झाडाखाली.

हे आपल्यासाठी का महत्त्वाचं? आपली पिढी गाव सोडून पुणे, बेंगळुरू, म्युनिकला चाललीय. आजीचं ज्ञान खोटं नव्हतं. ते त्या बांधापुरतं, त्या वारुळापुरतं, त्या नक्षत्रापुरतं खरं होतं. वर्षानुवर्षं एकाच जागी येणारी एकच अळंबी तिनं मुळापासून बघितलेली. तेच ज्ञान हजार किलोमीटरवर नेलं की आजूबाजूच्या जाती बदलतात, आणि तीच खूण दुसऱ्याच अळंबीला लागू पडते.

मग ॲप?

ॲप फोटो बघून सांगतं की, मला शिकवलेल्या फोटोंपैकी हा कशासारखा दिसतो. शिकवलेले फोटो मुख्यतः युरोप-अमेरिकेतले. तुमच्या बांधावरची जात त्याच्या यादीतच नसेल, तर ‘मला माहीत नाही’ म्हणायला त्याला सहसा शिकवलेलंच नसतं. यादीतल्या नावांमध्ये ते १०० टक्के वाटून टाकतं. ९२ टक्के म्हणजे ‘माझ्या यादीत याच्याइतकं जवळचं दुसरं कुणी नाही’. ‘हीच आहे’ असा त्याचा अर्थ होत नाही, आणि ‘खाता येते’ असा तर मुळीच नाही.

२०२३ साली ऑस्ट्रेलियातल्या तज्ज्ञांनी आधीच ओळख पटलेल्या ७८ नमुन्यांचे फोटो तीन ॲपना दाखवले. सगळ्यात चांगल्या ॲपचं उत्तर ४९ टक्के वेळा बरोबर आलं, बाकी दोघांचं ३५ टक्के. नाणं उडवण्याच्या आसपास, आणि तेही जाणकारांनी तपासलेल्या नमुन्यांवर.

ॲप वाईट नाही, वापरा. नाव शोधायला सुरुवात म्हणून, नोंद ठेवायला. फक्त ॲप आणि कढई यांच्यामध्ये थेट रस्ता ठेवू नका.

घरगुती परीक्षा

चांदीचा चमचा टाकला, काळा पडला तर विषारी. लसूण किंवा तांदूळ टाकला, रंग बदलला तर विषारी. किडा-गोगलगाय खाते म्हणजे आपल्याला चालते. पांढरी चांगली, रंगीत वाईट. चिंच-मीठ घालून उकळली की विष निघून जातं.

सगळ्या चुकीच्या, एकूण एक. डेथ कॅपमधलं अमॅटॉक्सिन उकळून, तळून, वाळवून जात नाही. चांदीशी त्याचं काही देणंघेणं नाही. गोगलगाईचं शरीर वेगळं, आपलं वेगळं. आणि खाऊन वाचलेल्या कित्येकांनी नंतर सांगितलंय की चव छान होती. जीभसुद्धा सांगत नाही.

खाल्लं गेलं तर

हा भाग दोनदा ऐका.

अमॅटॉक्सिन आपल्या पेशींमधलं प्रथिनं बनवायचं काम मुळातच थांबवतं, आणि सगळ्यात जास्त फटका यकृताला बसतो. त्याचं वेळापत्रक फसवं आहे. खाल्ल्यावर सहा ते चोवीस तास काहीच होत नाही. मग पटकीसारखे उलट्या-जुलाब. मग एक-दोन दिवस बरं वाटतं, घरचे सुटकेचा श्वास टाकतात. आणि आत यकृत निकामी होत असतं. जुलै २०२३ मधलं ऑस्ट्रेलियातलं ते गाजलेलं दुपारचं जेवण काहींनी पॉडकास्टवर ऐकलं असेल. जेवण २९ जुलैला, त्रास त्याच रात्री, आणि तीन मृत्यू ४ आणि ५ ऑगस्टला. आपल्याकडं एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातली अळंबी खाऊन काही दिवसांत १३ माणसं गेली, बरीचशी चहामळ्यातल्या कुटुंबांतली.

पावसाळ्यात गावात जुलाब लागले की सगळ्यांना आधी पाण्याची शंका येते. म्हणून डॉक्टरांना आपणहून सांगा की अळंबी खाल्ली होती, अमुक वाजता. त्रास नसला तरी त्याच घरात ज्यांनी खाल्ली त्या सगळ्यांना दाखवा. उरलेली भाजी, साली, तोडलेले बुडखे कागदात गुंडाळून सोबत न्या. प्लास्टिकमध्ये ती सडते. १०८ ला फोन करा. घरगुती उतारे करत रात्र घालवू नका. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून दवाखान्यातून घरी येऊ नका. आणि लवकर त्रास झाला म्हणजे साधी अळंबी, असंही समजू नका. एकाच भाजीत दोन जाती मिसळलेल्या असू शकतात.

मग फोनचं काय करायचं?

खाण्याचा प्रश्न बाजूला ठेवला की अळंबी हा फार भारी छंद आहे. या पावसाळ्यात एक करून बघा. छत्री दिसली की एक फोटो लांबून, वारूळ, गवत, झाड सगळं दिसेल असा. एक टोपीचा, शेजारी नाणं ठेवून. एक खालच्या पट्ट्यांचा. एक दांड्याचा, कडं दिसेल असा. एक खणून काढलेल्या बुडख्याचा. एक उभ्या कापलेल्या अळंबीचा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ठशाचा. सात फोटो, तारीख, गाव. आयनॅचरलिस्टसारख्या खुल्या नोंदवहीत टाका. हट्टा, वसमत, औंढा, कळमनुरी, या भागातल्या अळंब्यांच्या अशा नोंदी वाढल्या, तर उद्याच्या ॲपला आपल्या शिवाराचं थोडं तरी शिकता येईल. आज त्याला ऑड्युबनच्या पुस्तकातलं जंगल माहीत आहे, आपला बांध माहीत नाही.

पक्की ओळख हवी असेल तर ती सूक्ष्मदर्शकाखाली आणि डीएनए तपासून होते. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरशीशास्त्रज्ञ अजरेकर यांच्या नावाचा बुरशींचा वनस्पतिसंग्रहासारखा संग्रह आहे, तिथं वाळवलेले नमुने नीट नोंदवून ठेवलेत. शास्त्रज्ञसुद्धा नुसत्या फोटोवर सही करत नाहीत, हे यातून लक्षात घ्या.

आणि भाजी खायचीच असेल, तर बाजारात धिंगरी आहे, बटण आहे. घरी भुश्यावर धिंगरी उगवता येते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात जाऊन विचारा.

आता ग्रुपवर पुढचा फोटो आला की काय लिहायचं? मी सरळ लिहितो : ‘फोटोवरून सांगता येत नाही. कुठं उगवली होती, बुडखा दाखवा, ठसा घ्या. तोवर ताटात नको.’ हे कॉपी करून ठेवा, पाऊस लांबला तर बऱ्याचदा लागेल.

घरात कुणी वर्षानुवर्षं वारुळातली अळंबी ओळखणारं असेल, तर त्यांच्याबरोबर शिवारात एक चक्कर मारा. त्या काय बघतात, कशाला नको म्हणतात, ते रेकॉर्ड करा आणि मला पाठवा. ‘नको’ म्हणण्याची कारणं विशेष करून विचारा. पुढच्या भागात त्यातलं काही ऐकवतो. भेटू पुढच्या रविवारी, तोवर जपून राहा.